विश्लेषण : हेल्मेटची काच पारदर्शक हवी की काळी? शर्यतीच्या गाडीपासून पेण-रोह्याच्या रस्त्यापर्यंत

पावसाळा सुरू झाला की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातल्या दुचाकीस्वारांपुढे रोज तोच पेच असतो. हेल्मेटची काच खाली घेतली तर वाफ धरते आणि समोरचे दिसत नाही. वर केली तर पावसाचे थेंब आणि ट्रकच्या चाकाखालून उडणारे खडे थेट डोळ्यांवर येतात. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटाव एमआयडीसी इथे पाळीवर जाणारे अनेक जण हा प्रवास पहाटे किंवा रात्री करतात. तरीही हेल्मेट घेताना रंग आणि किंमत आधी पाहिली जाते, काच शेवटी. मोटार शर्यतींमध्ये मात्र काचेचा विचार बारकाईने होतो.

शर्यतीत काचेला इतके महत्त्व का?

१९७२च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड हेल्मुट मार्को यांच्या हेल्मेटची काच भेदून आत शिरला. त्यांचा एक डोळा कायमचा गेला आणि चालक म्हणून कारकीर्द तिथेच संपली. २००९मध्ये हंगेरीत पात्रता फेरीदरम्यान पुढच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग फेलिपे मासा यांच्या हेल्मेटवर, काचेच्या वरच्या कडेजवळ आदळली. ते बचावले, पण उरलेल्या मोसमाला मुकले. त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये काचेच्या वरच्या कडेवर झायलॉन या अतिशय चिवट धाग्याची पट्टी लावणे सक्तीचे झाले. या दोन्ही गाड्या उघड्या होत्या. चालकाचे तोंड आणि वाऱ्यातली वस्तू यांच्यामध्ये फक्त हेल्मेटची काच होती. दुचाकीस्वाराची स्थिती नेमकी अशीच असते.

बंद गाडीत पुढे विंडस्क्रीन असताना काच कशाला?

टूरिंग कार, रॅली किंवा ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या बंद गाड्यांमध्ये दगड-मातीचा मारा विंडस्क्रीन झेलते. तिथे हेल्मेटच्या काचेचे मुख्य काम आगीपासून बचावाचे असते. म्हणूनच अमेरिकेतल्या स्नेल संस्थेच्या ‘एसए’ दर्जाच्या, म्हणजे मोटार शर्यतीच्या हेल्मेटची आगीत टिकण्याची चाचणी होते. दुचाकीच्या ‘एम’ दर्जात ती नसते. गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोके आदळू शकते, त्यासाठीही ‘एसए’मध्ये वेगळी चाचणी आहे.

बंद केबिनमध्ये उकाडा प्रचंड असतो, त्यामुळे काही चालक काच वर ठेवून गाडी चालवतात. पण आग लागली तर पहिला झोत चेहऱ्यावर येतो, ही त्यातली जोखीम. रंगाच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. विंडस्क्रीन थोडा प्रकाश आधीच अडवते. त्यावर गडद काच आली की उजेड आणखी घटतो. रात्रभर चालणाऱ्या शर्यतीत त्यामुळे पारदर्शक काचच कामाची ठरते.

मग शर्यतीचे हेल्मेट दुचाकीवर चालेल का?

नाही. ‘एसए’ हेल्मेटमध्ये डोळ्यांपुढची खाच अरुंद ठेवण्याची मुभा असते. गाडीत आरसे आणि सभोवती पिंजरा असतो, म्हणून ते चालून जाते. दुचाकीवर मात्र उजवीकडून येणारी एसटी किंवा डावीकडून आडवे येणारे गुरू डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसावे लागते. शिवाय भारतात १ जून २०२१पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकता येत नाही. त्यासाठीचे मानक ‘आयएस ४१५१’ आहे.

काळी काच रात्री धोक्याची का?

दुपारी बाराला काळी काच डोळ्यांना सुखावते. तीच काच लावून रात्री नागोठण्याहून भिसे खिंडीमार्गे रोह्याला निघाले, तर समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप कमी होते खरी, पण खड्डा, वाळूचा थर, दिवा नसलेली सायकल आणि पायी चालणारा माणूसही अंधारात मिसळून जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. खड्डा एक सेकंद उशिरा दिसला, तर तेवढे अंतर ब्रेकला हात जाण्याआधीच संपलेले असते. वय वाढते तसे डोळ्यांना कमी उजेडात आणखी कमी दिसते.

युरोपात वापरल्या जाणाऱ्या ‘ईसीई २२’ नियमांनुसार ८० टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा वापरासाठी’ असा इशारा छापावा लागतो. ज्याला रात्रपाळी आहे, त्याने पारदर्शक काचच घ्यावी. उन्हासाठी गॉगल किंवा आतून खाली ओढता येणारी दुसरी गडद पट्टी असलेले हेल्मेट हा मधला मार्ग आहे. बाजारात मिळणारी काळी फिल्म पारदर्शक काचेवर चिकटवणे म्हणजे ती कायमची काळी करून घेणे.

वाफ का धरते आणि उपाय काय?

श्वासातली हवा उबदार आणि दमट असते. पावसाने आणि वाऱ्याने काच बाहेरून गार झालेली असते. ही हवा गार काचेला लागली की तिच्यातले बाष्प बारीक थेंबांच्या रूपात आतून बसते. सुकेळी खिंडीत मुसळधार पाऊस असेल, तर मिनिटभरात काच पांढरी होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, हेल्मेटला हनुवटीजवळ हवेचा झरोका असेल तर तो उघडा ठेवणे आणि काच बोटभर वर करणे. दुसरा, नाकापुढची पट्टी. तिच्यामुळे श्वास खाली वळतो. तिसरा आणि सर्वांत परिणामकारक, काचेच्या आत बसवायची ‘पिनलॉक’सारखी दुसरी पातळ काच. दोन काचांमध्ये अडकलेली हवा गारवा आत येऊ देत नाही. मात्र ती बसण्यासाठी मूळ काचेत तशी सोय लागते. हेल्मेट घेतानाच हे विचारून घ्यावे.

काच कधी बदलावी?

चांगली काच पॉलिकार्बोनेटची असते. ती फुटत नाही, पण तिच्यावर ओरखडे लवकर पडतात. दिवसा न जाणवणारे ओरखडे रात्री समोरच्या दिव्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकू लागले, की काच बदलायची वेळ झाली. पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने पुसल्यास काच कमजोर होते आणि तिला तडे जाऊ शकतात. सुक्या फडक्याने धूळ घासणे म्हणजे वाळूच्या कागदाने घासणे. साधे पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची नवी काच पूर्ण हेल्मेटच्या मानाने स्वस्त पडते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. फक्त पगडी घालणाऱ्या शिखांना यातून सूट आहे. हेल्मेटचा पट्टाही नीट बांधलेला हवा. २०१९च्या दुरुस्तीने हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद झाली.

दुकानात काय तपासावे?

आयएसआय चिन्ह, पारदर्शक काच, वाफरोधक काचेची सोय आणि सुटी काच मिळते की नाही, या चार गोष्टी पाहाव्यात. मग हेल्मेट डोक्यात घालून, काच खाली करून, मान न वळवता दोन्ही बाजूंचे किती दिसते ते पाहावे. रंगाचा विचार त्यानंतर.