गोळी सोडण्याआधी विचारा

दिवस गेले की घरातून पहिला हुकूम सुटतो, "आता त्या डोक्याच्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील!" रक्तदाबाची गोळी बंद कर, असे कोणी म्हणत नाही. मग नैराश्याचीच का? कारण मनाचा आजार म्हणजे नखरे, हा समज आपल्याही वस्त्यांत घट्ट आहे.

वस्तुस्थिती काय? गोळी एकाएकी सोडली तर नैराश्य उलटू शकते. मग जेवण, झोप, तपासण्या सुटतात. जीव देण्याचे विचार येतात. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोकाही वाढतो. सर्ट्रालीनसारखे औषध डॉक्टर गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही देतात. जोखीम शून्य नाही. काही बाळे जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. सगळीच औषधे सारखी नसतात, म्हणूनच डॉक्टरांना विचारायचे.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळावी म्हणून बाजू मांडली. आईचे शरीर जपायचे, मग मन का नाही? भगिनींनो, हा निर्णय सासूचा नव्हे. तो तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा आहे. 'टेली मानस'च्या १४४१६ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. लाजू नका, विचारा!