मेडशीत रास्पबेरी लावायची तर

ऑनलाइन मागवलेल्या रास्पबेरीच्या रोपाचा फोटो पाठवून वऱ्हाडातल्या मेडशीच्या एका वाचकताईंनी विचारलं आहे, ‘झाड हिरवंगार आहे, पण फळ का धरत नाही?’ रोपासोबतच्या चिठ्ठीवर जातीचं नावच नाही. ‘लाल, गोड, भरपूर फळं’ एवढंच छापलंय. घोळ इथेच आहे. रास्पबेरीच्या बाबतीत रंग आणि गोडी यांच्या आधी विचारायचं असतं ते हे, की या जातीला थंडी किती लागते?

युरोपातली नेहमीची लाल रास्पबेरी, म्हणजे रुबस आयडियस, पहिल्या वर्षी नुसती काडी वाढवते. ती काडी हिवाळा काढते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. हिवाळा झाला की नाही, हे झाड ठरवतं कसं? रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट भरतात, तसं ते गारठ्याचे तास मांडत जातं. साधारण ७ अंशांखालचे ८०० ते १६०० तास भरले की डोळे फुटतात. हजेरी अर्धवट राहिली, तर पुढे कितीही ऊब मिळो, डोळे नीट फुटत नाहीत. आपल्याकडे पारा १० अंशांखाली उतरला की पेपरात बातमी होते. मेडशीच्या हजेरीपटावर कितीसे तास लागणार!

हे कोडं नीट मांडणारा माणूस होता अमेरिकेच्या कृषी खात्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल. जग त्याला ब्लूबेरी बागेत आणणारा म्हणून ओळखतं. मला मात्र त्याचं १९२० सालचं थंडीवरचं काम जास्त मोलाचं वाटतं. हिवाळाभर उबदार काचघरात जपलेली ब्लूबेरीची झुडपं वसंतात सुस्त पडून राहत आणि बाहेर गारठ्यात कुडकुडलेली तरारून उठत. मग त्याने काचघरातल्या एका झुडपाची एकच फांदी भोकातून बाहेर थंडीत काढली. वसंत आला तशी त्या फांदीला पालवी फुटली, आतल्या फांद्या मात्र झोपलेल्याच. मुळं तीच, खोड तेच, पाणी तेच! म्हणजे थंडीचा हिशोब अख्खं झाड मिळून ठेवत नाही, ज्या त्या फांदीने आपापला ठेवायचा असतो. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानात क्वचित सापडतो. आज सफरचंदापासून पीचपर्यंत कोणत्याही जातीसाठी ‘थंडीचे तास’ विचारले जातात, तेव्हा कोव्हिलची आठवण फारसं कुणी काढत नाही.

थंडी चुकवणाऱ्या जातीही आहेत. १९६९ साली न्यूयॉर्क राज्यातून आलेली ‘हेरिटेज’ त्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्यावर फळ धरते. मग ती लावावी का? विक्रेते अशाच जातींना ‘उष्ण प्रदेशासाठी’ म्हणतात, आणि ते मला पटत नाही. तिला थंडी कमी लागते, पण म्हणून ऊन सोसतं असं नाही. या झाडाच्या पानांचं काम २० अंशांच्या आसपास उत्तम चालतं, पारा तिशीपलीकडे गेला की ढेपाळतं. आपला मे महिना तर चाळिशीच्या पुढचा. शिवाय आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, आणि तिच्यातल्या चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसलं, तर खत वाढवू नका, दोष मातीचा आहे.

ताईंना माझं सांगणं, आपल्याच देशातली रास्पबेरी करून पाहा. रुबस निवियस ही महाबळेश्वरच्या डोंगरात रानोमाळ वाढते. काड्यांवर पांढुरकी झाक, वाकडे काटे, फळ आधी लाल आणि पिकलं की जांभळट काळं. ‘मैसूर रास्पबेरी’ या नावाने ती दक्षिण फ्लोरिडात गेली आणि जिथे युरोपी जाती तग धरत नव्हत्या, तिथे फळं देऊ लागली. गॅलापागोस बेटांवर तर ती इतकी माजली की स्थानिक झाडोऱ्याला घातक तण ठरली. एवढी चिवट असली तरी ती डोंगरातली आहे. वऱ्हाडातला उन्हाळा तिलाही जड जाणारच.

म्हणून ती जमिनीत लावू नका. मोठ्या टाकीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू घाला, तळाला भोकं हवीतच. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली पडेल अशी जागा बघा. मार्च लागताच हिरवी जाळी बांधा आणि बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा चांगला जाड थर द्या. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल, तर पावसाचं साठवलेलं वापरा. फळ देऊन झालेली काडी बुडातून छाटा, ती पुन्हा फळणार नाही. दुसरं रोप हवं असेल तर पावसाळ्यात लांब काडीचा शेंडा शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून ठेवा, तो आपोआप मुळं धरतो.