पाना मोजतो पीळ, हवा असतो ताण

सिलिंडर हेडचा स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेला पोलादी दांडा. त्याचे खालचे टोक ब्लॉकमध्ये बसते, वरच्या टोकावर नट चढतो आणि मधल्या जागेत हेड व गॅस्केट दाबून धरली जाते. नट आवळला की स्टड मिलिमीटरच्या काही दशांश इतका लांबतो. लांबलेले पोलाद आखडू पाहते आणि त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर घट्ट बसून राहते. टॉर्क पाना मात्र हा ताण मोजत नाही. तो मोजतो पीळ (टॉर्क), म्हणजे नट फिरवायला लागलेला जोर. हेड बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका या फरकातून होतात.

टर्बो इंजिनात ताण इतका महत्त्वाचा का, हे आकड्यांवरून कळते. टोयोटा सुप्राचे सहा सिलिंडरचे टू-जेझेड-जीटीई हे इंजिन टर्बो बदलून ताकद वाढवणाऱ्यांचे जगभर आवडते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब ७० बार असेल, तर हेडला वर ढकलणारा जोर ४ टनांच्या आसपास भरतो. मोठा टर्बो लावून दाब १०० बारवर नेला, की तोच जोर जवळपास ६ टनांवर जातो आणि मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा हा धक्का बसतो. स्टडचा मूळ ताण या जोरापेक्षा भरपूर जास्त असेल, तर धक्क्याचा थोडाच वाटा स्टडपर्यंत पोचतो. ताण कमी पडला की हेड क्षणभर उचलले जाते, तप्त वायू गॅस्केटच्या कडेला शिरतो आणि पाणी टाकीतून बाहेर फेकले जाऊ लागते.

कंपन्या बऱ्याच इंजिनांत स्टडऐवजी बोल्ट वापरतात. आधी थोडा टॉर्क द्यायचा आणि मग ठरावीक अंश फिरवायचे, अशी ती पद्धत. त्यांतले काही बोल्ट मुद्दाम कायमचे लांबेपर्यंत ताणलेले असतात, म्हणून एकदा काढल्यावर ते पुन्हा वापरत नाहीत. बोल्ट ब्लॉकच्या आट्यांत फिरतच आवळला जातो, त्यामुळे त्याला पीळ आणि ताण एकाच वेळी सोसावे लागतात. स्टड आधी बसवून ठेवलेला असतो आणि वर फक्त नट फिरतो. त्याला पीळ कमी बसतो, शिवाय हेड वारंवार काढावे लागले तरी ब्लॉकचे आटे झिजत नाहीत.

आता घर्षणाकडे. नटवर लावलेल्या जोरातला सुमारे निम्मा भाग नट आणि वॉशर एकमेकांवर घासण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा आट्यांत खर्च होतो आणि स्टड ताणायला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. १२ मिलिमीटरचा स्टड ११० न्यूटन-मीटरला आवळला, असे धरू. आटे कोरडे असतील तर ताण साधारण साडेचार टन येतो. चांगले वंगण लावले तर तोच ताण सात टनांच्या घरात जातो. पान्याचा ‘टक्’ दोन्ही वेळा एकाच जागी होतो! म्हणून स्टड बनवणारा कारखाना टॉर्कचा आकडा देताना कोणते वंगण लावायचे तेही सांगतो, आणि इंजिन ऑइलसाठी दिलेला आकडा मॉलिब्डेनमच्या वंगणाला लावणे म्हणजे स्टड ओढून तोडण्याची तयारी होय. अमेरिकेतील एआरपी ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी. तिचा सल्ला असा की, स्टड कायमचा लांबायला लागतो त्या मर्यादेच्या ७५ टक्के ताण द्यावा.

तयारीत सगळ्यात दुर्लक्षित राहतात ती ब्लॉकमधली भोके. आटे साफ करायला नवे आटे पाडणारा टॅप फिरवू नये, कारण तो धातू खातो. फक्त मळ काढणारे हत्यार वापरावे. बंद भोकात तेल किंवा कूलंट साचले असेल, तर स्टड आत जाताना त्या द्रवाला निघायला वाट राहत नाही आणि दाबाने ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. भोक पाण्याच्या जागेत उघडत असेल, तर त्या आट्यांना सीलंट लागतो. स्टड हातानेच, तळाला टेकेपर्यंत बसवायचा. खाली पाना लावून तो करकचून आवळण्याची हौस अनेकांना असते, पण तिचा फायदा काहीच नाही. वंगण लागते वरच्या आट्यांना, नटच्या तळाला आणि वॉशरच्या नटकडच्या बाजूला.

आवळण्याचा क्रम मधून कडेकडे जातो, पोळी मधून कडेला लाटत नेतात तसा. टू-जेझेडमध्ये १४ जागा आहेत. सुरुवात मधल्या जोडीपासून होते. पूर्ण टॉर्क एकदम देत नाहीत, साधारण तीन समान टप्प्यांत देतात आणि प्रत्येक टप्प्यात तोच क्रम पाळतात. शेवटच्या टप्प्यात पाना एका संथ ओढीत फिरवावा. आकडा गाठायच्या जरासे आधी थांबले, तर अडलेल्या नटला पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि नट न फिरताच पाना ‘टक्’ करतो. पुन्हा पुन्हा टकटक करून खात्री करून घेण्याची सवयही वाईटच.

बोल्टच्या जागी जास्त ताणाचे स्टड बसवले की सिलिंडरचा गोलपणा किंचित बिघडतो. त्यामुळे ब्लॉक होन करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणताना, वर जाड पोलादी टॉर्क प्लेट त्याच स्टडने, त्याच टॉर्कला आवळून ठेवतात. जुन्या पद्धतीची कॉम्पोझिट गॅस्केट इंजिन तापून थंड झाल्यावर थोडी बसते आणि नट पुन्हा आवळावे लागतात. पोलादी थरांच्या गॅस्केटला सहसा याची गरज पडत नाही.

इतके सगळे करूनही नॉकिंग होत असेल, म्हणजे इंधन अवेळी भडकत असेल, तर दाब क्षणात नेहमीच्या पलीकडे उसळतो आणि भारी स्टडही फार काळ टिकत नाही. अशा इंजिनाची गॅस्केट बदलून नट आणखी आवळण्याआधी इग्निशनचे टायमिंग, इंधनाचे प्रमाण आणि टर्बोचा दाब तपासून घ्यावा.