वनस्पतींचे चित्रकार

अकोल्याहून वाशीमकडे येणारा रस्ता पातूरचा घाट चढून मेडशीच्या वनात शिरतो आणि पुढे मालेगावला येतो. हा सारा मुलूख पानगळीच्या वनाचा. फाल्गुनात येथील साग निष्पर्ण होऊन उभा असतो आणि त्याच वेळी पळस मात्र शेंदरी फुलांनी डवरतो. या पळसाची फुललेली डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवली, तर काही दिवसांनी तिचा आकार तेवढा हाती उरतो. शेंदरी रंग काळपटून जातो, चोचीसारख्या वळलेल्या पाकळ्या चपट्या होतात आणि देठावरील मखमली लव दिसेनाशी होते. वनस्पतिसंग्रहालयांतील शुष्क नमुने शास्त्राच्या दृष्टीने अमोल असले, तरी जिवंत झाडाचे रूप त्यांच्यात टिकत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम वनस्पतिचित्रकार शतकानुशतके करीत आले आहेत.

शोभेसाठी काढलेले फुलांचे चित्र आणि वनस्पतिशास्त्रीय चित्र यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात चित्रकाराला स्वातंत्र्य असते. दुसऱ्यात तो मोजमापाने बांधलेला असतो. पळसाचेच उदाहरण घेऊ. एका देठाला तीन पर्णिका असतात आणि त्यांपैकी मधली मोठी असते. फुलाला पाच पाकळ्या असतात व त्यांतील खालच्या दोन मिळून चोचीसारखा नौतल बनतो. केसरदले दहा असतात, पण त्यांपैकी नऊ एकत्र जुळलेली आणि एक सुटे असते. यांतील एकही गोष्ट चित्रकाराला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. चित्राच्या तळाशी फूल उकलून त्याचे भाग सुटेसुटे दाखवावयाचे असतात, किंजपुटाचा छेद भिंगाखाली पाहून मोठा करून काढावयाचा असतो आणि तो किती पटींनी मोठा केला आहे हेही लिहावयाचे असते. फांदी शक्यतो मूळ आकारातच काढतात. त्यासाठी कर्कटकाने अंतरे घेऊन प्रथम शिसपेन्सिलीची बारीक रेघ आखतात आणि मग पातळ जलरंगाचे थर एकावर एक चढवितात. पांढऱ्या जागी रंग न लावता कोरा कागदच राखण्याची रीत आहे. मागे आकाश नाही, जमीन नाही. पाहणाऱ्याचे लक्ष झाडावरून ढळता कामा नये.

पळस पुढ्यात घेऊन बसणाऱ्या चित्रकाराची खरी अडचण निराळीच आहे. फुले येतात तेव्हा झाडावर पाने नसतात. पाने येतात तोवर फुले गळून गेलेली असतात, आणि टोकाशी एकच बी धरणारी चपटी शेंग तर उन्हाळा सरता सरता पिकते. तेव्हा एकाच कागदावर तिन्ही आणावयाची, तर त्याच झाडाकडे तीन-चार महिने पुनःपुन्हा जावे लागते आणि शेंगेची जागा तोवर मोकळी ठेवावी लागते. छायाचित्र एका क्षणाचे असते. किडीने कुरतडलेले पान त्यात कुरतडलेलेच दिसते. वनस्पतिचित्रात मात्र पाच-पंचवीस पाने पाहून ठरविलेले त्या जातीचे पान उतरते. छायाचित्रण घरोघरी पोहोचल्यानंतरही ही कला टिकून आहे, त्याचे कारण हेच.

भारतात या विद्येला जुनी परंपरा आहे. जहांगीर बादशहाने १६२० च्या सुमारास आपल्या मन्सूर या चित्रकाराकडून काश्मीरची शंभराहून अधिक फुले चितारून घेतली होती. पुढे तंजावरच्या मराठी राज्यात दुसरे सरफोजी राजे यांनीही पशुपक्षी व वनस्पती यांची चित्रे करवून घेतली. शास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठे काम झाले ते कोचीन येथे. तेथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यात सातशेहून अधिक चित्रे आहेत. या कामी केरळातील वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते, आणि चित्रांवर अन्य लिप्यांबरोबर नागरी लिपीतही नावे कोरलेली आहेत. पळस त्यात ‘प्लासो’ या नावाने येतो. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने या झाडाला ‘एकबीजी’ या अर्थाचे ‘मोनोस्पर्मा’ हे जातिनाम दिले, ते याच चित्राच्या आधाराने. मेडशीच्या वनातील पळसाचे जगन्मान्य नाव अशा रीतीने एका चित्रावर उभे आहे.

कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्याच्या उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे मागे राहिली नाहीत. मद्रास इलाख्यातील रॉबर्ट वाइट हा या बाबतीत अपवाद म्हणावा लागेल. रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावे त्याने छापली, इतकेच नव्हे तर एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नाव दिले.

महाराष्ट्रातील या परंपरेचे महत्त्वाचे पान पुण्याजवळच्या दापोडीस लिहिले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून त्याची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. हेच गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि डॅल्झेल यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४७ ते १८५० या तीन वर्षांत त्यांनी दापोडीस एका चित्रकाराकडून दीडशेहून अधिक जलरंगचित्रे करवून घेतली. ही चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथील वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. बागेचे नाव, साहेबांचे नाव, झाडांची नावे सारे नोंदले गेले. ज्याच्या हातून ते काम झाले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

त्यानंतरच्या पिढीत ठाण्या-मुंबईकडील कामगिरी मराठी माणसाच्या हातून झाली. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) हे शल्यवैद्य वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. मेजर बामनदास बसू यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये अलाहाबादहून निघाला. त्यात हजाराहून अधिक चित्रपत्रे आहेत.

मालेगाव परिसराच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यापूर्वी हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, आणि कांबळे व प्रधान यांचा अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८८ मध्येच प्रसिद्ध केला. अशा ग्रंथांत भर असतो तो वर्णनावर. पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात आणि थोड्याच दिवसांत तांबड्या होतात. हा पालट वर्णनाच्या चार ओळींत कसाबसा मावतो, शुष्क नमुन्यात तर मुळीच नाही. गुळगुळीत जाड कागद, दोन बारीक कुंचले, एक भिंग आणि कर्कटक एवढ्या सामग्रीवर शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकाला असे काम आरंभता येते. कागदाच्या कोपऱ्यात गाव, तारीख, झाडाचे स्थानिक नाव आणि चित्रकाराची सही असावी; दापोडीच्या चित्रांत नेमकी ती शेवटची नोंद सापडत नाही.