आयपीओ: लाखनीच्या अर्जालाही मुंबईइतकीच संधी

लाखनीसारख्या लहान गावातून मोबाइलवर भरलेला आयपीओचा (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअर विक्रीचा) अर्ज आणि दलाल स्ट्रीटवरचा अर्ज, किरकोळ गटात दोघांचं वजन सारखंच. 2 लाख रुपयांपर्यंतचे अर्ज या गटात येतात. मागणी फार वाढली की सोडत निघते आणि नाव लागलेल्याला किमान एक लॉट, म्हणजे शेअरचा ठरावीक संच, मिळतो. मग तेरा लॉट मागून काय साधतं? काहीच नाही, पैसे मात्र जास्त अडकतात. त्यापेक्षा नवरा-बायकोने आपापल्या पॅन, डीमॅट आणि बँक खात्यावरून एकेक लॉट मागावा. एकाच पॅनवर दोन अर्ज केले तर दोन्ही बाद होतात.

बोली ‘कट-ऑफ’ भावाला लावा, म्हणजे ठरेल तो भाव मान्य असतो. यूपीआयवर आलेली मंजुरी शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत द्या. तिथेच अनेकांची संधी हुकते. शेअर लागेपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात गोठलेले राहतात.

शेअर लागला म्हणजे नफा झाला, असं नाही. मे 2022 मध्ये एलआयसीचा शेअर 949 रुपयांना विकला गेला आणि बाजारात त्याखालीच उघडला. अर्जाआधी कंपनीचं माहितीपत्रक वाचाच.