विटीच्या चित्रामागची मोजणी
1956च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा तेलुगूभाषक राज्यात गेला. तरी पैनगंगेकाठच्या बेला मंडळात आजही घरोघरी मराठी बोलली जाते. येथे मराठी शिकवताना मी खेळांची चित्रकार्डे वापरतो. चित्र पाहून मुले 'विटी', 'दांडू' चटकन सांगतात. पण 'कोलणे', 'टोलवणे', 'झेलणे' या क्रिया चित्रात मावत नाहीत. म्हणून कार्ड दाखवले की मुलांनी ती कृती करायची आणि सोबत पूर्ण वाक्य बोलायचे, असा नियम ठेवला आहे.

एकदा दांडूने अंतर मोजताना एक मुलगी 'ओकटी, रेंडू, मूडू' म्हणू लागली. 'मराठीत मोज,' असे मी म्हणताच ती गप्प झाली. मग माझे मलाच आठवले : विटीदांडूतली आपली 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही जुनी मोजणी तेलुगू अंकांशीच जुळते! चूक तिची नव्हती, माझी होती.

आता विटीच्या कार्डामागे दोन्ही मोजण्या शेजारीशेजारी लिहिलेल्या असतात. साम्य मुलांनीच शोधायचे. घरची, शेजारची भाषा वर्गात आणायला ती आता बिचकत नाहीत आणि मराठीही अधिक मोकळेपणाने बोलतात.