उशाजवळील पेटी

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही सहकुटुंब टेक्ससमधील ह्यूस्टन शहरीं पुतण्याकडे महिनाभर राहिलों होतों. शेजारीं घरफोडी झाल्यापासून त्यानें एक पिस्तूल घेतलें होतें. न घेतें तर बरें, असें आमचें मत. परंतु पाहुण्यानें तें किती वेळां सांगावें! पिस्तुलासाठीं खाटेजवळच्या खणांत एक पोलादी पेटी होती. बोटाचा ठसा ओळखून ती निमिषार्धांत उघडते, हें त्यानें आम्हांस मोठ्या कौतुकानें दाखविलें. आम्हीं सहज आपलें बोट टेकविलें, तों पेटी उघडली! पुतण्या दचकला. त्यानें पिस्तूल काढून रिकामें केलें, दूर ठेवलें, व आठ वर्षांच्या मुलास बोलावून त्याचें बोट लावविलें. त्यासही पेटी तितक्याच तत्परतेनें वश झाली. सूनबाई मटकन् खालीं बसल्या.

कारण मागाहून उमगलें. अशा कांहीं पेट्या मालकाचा ठसा नोंदविला जाईपर्यंत वाटेल त्याच्या बोटानें उघडतात. आणि नोंद चुकली तरी ती झाली अशीच मालकाची समजूत राहते. याच दोषास्तव अमेरिकेंतील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेविषयींच्या सरकारी मंडळानें ऑक्टोबर २०२३ मध्यें एका बनावटीच्या सुमारें ६१,००० पेट्या परत घेण्याचें जाहीर केलें. बारा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूबद्दल त्यापूर्वींच न्यायालयांत दावा दाखल झाला होता. फेब्रुवारी २०२४ मध्यें आणखी लाखाहून अधिक पेट्यांवर तीच पाळी आली.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे दुकानांत गेलों. विक्रेता प्रत्येक पेटी किती लवकर उघडते हेंच सांगे. ती कोणास उघडणार नाहीं, हें आम्हांस विचारून घ्यावें लागे. आम्हां मास्तरांस परीक्षा घेण्याची खोड! विजेवर चालणाऱ्या कांहीं हलक्या पेट्यांत कुलपाची खिटी विद्युच्चुंबकानें सरकते. पेटी थोडी उचलून आपटली तर धक्क्यानेंही ती सरकूं शकते. शिवाय ओल्या वा मळलेल्या बोटाचा ठसा पुष्कळदां ओळखला जात नाहीं, आणि बॅटरी संपली कीं पुनः किल्ली शोधणें आलें. ती जादा किल्ली त्याच खणांत ठेवणारे महाभागही आहेत!

अखेर पुतण्यानें पांच बटणांच्या यांत्रिक कुलपाची पेटी पसंत केली. तिला बॅटरी लागत नाहीं. बटणें ठरल्या क्रमानें दाबलीं कीं झालें, व हजाराहून अधिक जुळण्या संभवतात. पत्र्याचा गेज-क्रमांक जितका लहान तितका पत्रा जाड, हेंही तेथें कळलें. १८ गेजचा पोलादी पत्रा जेमतेम १.२ मिलिमीटर भरतो, १४ गेजचा सुमारें १.९. आमची १४ ची होती. तथापि लहान पेटी चोर काखोटीस मारून नेईल, म्हणून आंतून स्क्रू घालून ती भक्कम लाकडास जखडली.

मग आठ रात्री पुतण्यास दिवा मालवून, हात भिजवून, रिकामी पेटी उघडावयास लाविलें. पहिल्या रात्रीं तो तीनदां चुकला. आठव्या रात्रीं चुकला नाहीं. जुळणी सूनबाईंसही ठाऊक आहे. मुलासमोर मात्र दोघेही बटणांस हात लावीत नाहींत.

जुन्या पेटींत सूनबाई आतां केशर ठेवतात. ती अद्याप कोणाच्याही बोटानें उघडते.